धडक देणाऱ्या गाडीचा विमा नसेल, तर भरपाई मिळते का?
होय, मिळते, मात्र ती विमा कंपनीऐवजी त्या गाडीच्या चालकाकडून आणि मालकाकडून वसूल करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, आणि तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. जागेवर रोख रक्कम घेऊन प्रकरण मिटवू नका, कारण एफआयआर आणि पंचनामा नसेल तर पुढे दावा सिद्ध करणे फार कठीण जाते. तुमची स्वतःची पॉलिसी सर्वसमावेशक असेल, तर गाडीच्या दुरुस्तीसाठी आपल्या कंपनीला ताबडतोब कळवा. केवळ थर्ड पार्टी विमा असल्यास तो खर्च तिच्याकडून मिळत नाही. मालकाची ऐपत नसेल, तर निकाल लागूनही पैसे हाती पडतीलच असे नाही. म्हणूनच विमा नसलेली अपघातग्रस्त गाडी पुरेशा तारणाशिवाय सोडू नये आणि तारण न दिल्यास तिचा लिलाव व्हावा, यासाठी नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना दिले. गाडी पोलिसांच्या ताब्यात असतानाच वकिलामार्फत या तारणाचा आग्रह धरा.