ब्लूज क्रूझवर पहिल्यांदा जाताय?

सगळं ऐकायचा हट्ट आधी सोडा. लेजेंडरी रिदम अँड ब्लूज क्रूझसारख्या सफरीत अख्खं जहाजच ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकाराच्या महोत्सवासाठी घेतलेलं असतं आणि तीन-चार मंचांवर एकाच वेळी वाजत असतं. पण बहुतेक बँड आठवडाभरात एकाहून जास्त वेळा वाजवतात. त्यामुळे वेळापत्रक हाती आलं की आधी एकदाच होणारे कार्यक्रम खूण करा. बाकीचे नंतरही सापडतात.

तोच बँड थिएटरमध्ये आणि पूलच्या डेकवर वेगळा ऐकू येतो. डेकवर वारा आवाज उडवून नेतो, म्हणून स्पीकरच्या अगदी बाजूला न बसता साउंड मिक्सरच्या टेबलाजवळ जागा धरा. आतल्या छोट्या लाउंजमध्ये मात्र इअरप्लग हवेतच. फोमचे नकोत, ते वरचे सूर खाऊन टाकतात, संगीतासाठीचे घ्या.

खरी मजा मध्यरात्रीनंतरच्या जॅममध्ये, म्हणजे कलाकार एकत्र जमून आयत्या वेळी वाजवतात त्यात! दुपारी झोप काढा. केबिन मधल्या भागात, खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावे कमी. थिएटर किंवा लाउंजच्या वर-खाली नको, नाहीतर बास गिटार उशीत वाजेल. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यायची.

जहाज सुटतं त्या बंदरात आदल्या दिवशीच पोहोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. वाटेतल्या बंदरावर उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि तिथेच घोळ होतो.