वेग पूर्ण मिळतो, तरी संकेतस्थळे उघडताना अडतात. दोष डीएनएसचा आहे का?

राजारामपुरीतील आपल्या फायबर जोडणीचा वेग चाचणीत पूर्ण दिसतो, चालू व्हिडिओ अडखळत नाही, मात्र नवे संकेतस्थळ उघडताना पाच-दहा सेकंद जातात आणि मधूनच 'सर्व्हरचा पत्ता सापडला नाही' असा संदेश येतो, असे आपण लिहिले आहे. संशय डीएनएसवरच, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवरच, घ्यावा लागेल, कारण चालू व्हिडिओला लागणारा पत्ता आधीच मिळालेला असतो. खोळंबा होतो तो नवे नाव विचारताना.

राउटर बदला किंवा मोठा प्लॅन घ्या, हा सल्ला आपल्या कोल्हापुरात फार लवकर दिला जातो. त्याआधी वायफायऐवजी केबलने जोडलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा लिहिण्याची खिडकी) उघडावा आणि 'एनएसलुकअप' ही आज्ञा व तिच्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव, दोन्ही रोमन लिपीत द्यावे. उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता सर्वांत वर दिसतो आणि घरगुती जोडणीत तो बहुधा १९२.१६८.१.१ यासारखा, म्हणजे खुद्द राउटरचाच असतो. नंतर दुसरे नाव घेऊन त्याच्यापुढे ८.८.८.८ लिहावे, म्हणजे प्रश्न राउटरला वगळून गुगलच्या सर्व्हरकडे जातो. नाव दर वेळी वेगळे घ्यावे, कारण मिळालेले उत्तर राउटर काही काळ साठवून ठेवू शकतो आणि दुसऱ्यांदा ते झटपट आल्याने सारे सुरळीत असल्याचा भास होतो.

राउटरकडून उत्तर रखडते आणि थेट विचारल्यास लगेच येते, असे वारंवार दिसले, तर राउटरच्या स्थितीदर्शक पानावर सेवादाराने (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने) दिलेले डीएनएसचे पत्ते पाहून त्यांनाही एकेक करून याच पद्धतीने विचारावे. त्यांतला पहिला मुका असला, तर खोळंब्याचे कारण सापडले: डीएनएसचे प्रश्न सहसा यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने जातात, त्यात प्रश्न पोहोचल्याची पोच मिळत नाही, त्यामुळे ठरावीक वेळ वाट पाहूनच दुसऱ्या सर्व्हरकडे वळावे लागते. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या मूळ मांडणीत ही वाट ५ सेकंदांची असते. दोन्ही पत्ते तत्पर असतील, तर दोष राउटरचा समजावा. तो बंद करून सुरू करावा आणि फर्मवेअर (त्यातील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. थेट प्रश्नही गळत असतील, तर मात्र डीएनएस बदलून काही साधणार नाही; तेव्हा ८.८.८.८ ला बराच वेळ पिंग करून (छोटे चाचणी-संदेश पाठवून) किती पाकिटे, म्हणजे संदेश, हरवतात ते पाहावे.

सेवादाराचा सर्व्हरच मुका निघाल्यास राउटरच्या डीएचसीपी मांडणीत (घरातील उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या भागात) १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर) आणि ८.८.८.८ भरावेत व उपकरणे पुन्हा जोडावीत. येथे एक गोष्ट हमखास निसटते: राउटर आयपीव्ही६ चा (इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीचा) डीएनएस पत्ताही वाटत असेल आणि तो निकामी असेल, तर एवढा बदल करूनही विलंब तसाच राहतो. तक्रार एकाच अँड्रॉइड फोनची असेल, तर त्यातील 'प्रायव्हेट डीएनएस' ही फोनचा स्वतःचा डीएनएस ठरवणारी मांडणी तपासावी, कारण ती राउटरला जुमानत नाही.

केबलवाल्यांना फोन करताना 'नेट स्लो आहे' असे न सांगता कोणत्या पत्त्याकडून, किती वाजता उत्तर आले नाही, तेवढे सांगावे.