बाकावर बसलेल्या लेकीची मिनिटे मोजू नका

ओहायोमधून एका आईचे पत्र आले आहे. माहेर कोल्हापूरच्या राजारामपुरीतले, तिकडे जाऊन 19 वर्षे झाली आणि थोरली लेक एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असून तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघात आहे. पत्रात प्रश्न तीन आहेत, पण चार पानांपैकी साडेतीन पाने एकाच दुःखाने भरलेली आहेत, म्हणून मीही बहुतेक जागा त्यालाच देणार आहे. त्या लिहितात : “गेल्या सहा सामन्यांत मिळून तिला 11 मिनिटे खेळायला मिळाली. आम्ही दर शनिवारी तीन तास गाडी चालवून जातो, ती बाकावर बसून टाळ्या वाजवते ते बघतो आणि परत येतो. शाळेत ती कॅप्टन होती. इथे शिष्यवृत्तीही नाही, मग हा अपमान कशासाठी? हे म्हणतात, कोचला एकदा स्पष्ट विचारू, नाहीतर कॉलेज बदलू. आई दर रविवारी कोल्हापुरातून विचारते, ‘नात खेळली का गं?’ आणि मी खोटे सांगते.”

ताई, शेवटच्या वाक्याशी माझ्या पोटात कालवले, कारण तसेच खोटे मीही माझ्या आईला दोन हिवाळे सांगितले आहे. पण पत्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. या चार पानांत तुमचे म्हणणे आहे, यजमानांचे आहे, आईचे आहे. लेकीचे स्वतःचे एकही वाक्य नाही. ‘अपमान’ हा शब्द तुमचा आहे. तिने तो वापरला आहे का, हे तुम्ही तिला विचारल्याचेही पत्रात कुठे दिसत नाही.

बाक म्हणजे अपमान हे आपल्या मनात कुठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपण वाढलो ते तालमींच्या गावात. शाहू महाराजांनी 1912 साली उभ्या केलेल्या खासबाग मैदानात आपल्या वडिलांनी आपल्याला खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवल्या, आणि कुस्तीत बाक नसतो. एक चितपट होतो, दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा चढतो. ज्यांची नावे घेताना आपला ऊर भरून येतो ते राजाराम कॉलेजात शिकलेले, 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव, किंवा राही सरनोबत, किंवा 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, हे सगळे एकट्याने लढण्याच्या खेळांतले. त्यात भर म्हणून आपण सगळे गुणपत्रिकेवर पोसलेले. त्यामुळे पाचजणी मैदानात आणि आपली लेक बाहेर असे दिसले की आपल्या डोळ्यांना ती नापास झालेली दिसते. बास्केटबॉलची मांडणी मात्र गुणपत्रिकेसारखी नाही, आणि ती समजून न घेता कोचला जाब विचारायला निघणे हा त्या मुलीवर अन्याय आहे.

साधा हिशोब करा. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींचा सामना 2015-16 च्या हंगामापासून दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो, म्हणजे 40 मिनिटे. मैदानात एका वेळी पाचजणी, म्हणजे कोचच्या हातात वाटायला एकूण 200 मिनिटे. संघात असतात चौदा-पंधराजणी. समान वाटणी केली तर प्रत्येकीच्या वाट्याला तेरा-चौदा मिनिटे येतील, आणि इतक्यात कोणाचाही हात बसत नाही, कोणाची कोणाशी जोडी जमत नाही. म्हणून बहुतेक कोच आठ-नऊजणींमध्ये ती मिनिटे फिरवतात आणि उरलेल्यांसाठी थोडीच शिल्लक राहतात. इतर आयांना हा हिशोब सांगितला की त्या गप्प होतात, कारण आपल्या लेकीला दहा मिनिटे हवी असतील तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीकडून काढावी लागणार, हे तोवर त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

आता कोच पहिल्या पाचजणी कशा ठरवतो ते पाहा. ‘सर्वांत चांगल्या पाच’ असा तो निवाडा नसतो. चेंडू पुढे आणणारी कोण, प्रतिस्पर्ध्यांच्या उंच मुलीसमोर अंग घालून उभी राहणारी कोण, जिला चेंडू मिळाला नाही तरी जिचा चेहरा पडत नाही अशी कोण, याची ती जुळणी असते. सामना सुरू करणाऱ्या पाच आणि शेवटच्या चार मिनिटांत मैदानात असणाऱ्या पाच या कित्येकदा वेगळ्या असतात, आणि जाणत्या खेळाडूंना दुसऱ्या यादीत असण्याचे मोल जास्त वाटते. पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाद होते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या खेळातच जिचे दोन फाउल झाले तिला बहुतेक कोच बाहेर बोलावून घेतात, मग ती कितीही मोठी खेळाडू असो. अशा वेळी बाकावरून उठणाऱ्या मुलीकडून वीस गुणांची अपेक्षा कोणी करत नाही. तिने थंड अंगाने दोन-तीन मिनिटांसाठी आत जावे, जिला अडवायचे ती प्रतिस्पर्धी मुलगी मोकळी सुटू देऊ नये, चेंडू घालवू नये आणि गुणफलक होता तसा परत आणून द्यावा, एवढेच तिचे काम असते, आणि ते फार अवघड असते.

ही मिनिटे शनिवारी ठरतात असे आपल्याला वाटते, कारण आपण शनिवारीच तिथे असतो. खरे तर ती मंगळवारच्या आणि बुधवारच्या प्रॅक्टिसमध्ये ठरलेली असतात. पुढच्या सामन्यात ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचे डाव शिकून बाकावरच्या मुली प्रॅक्टिसमध्ये तो प्रतिस्पर्धी संघ होतात आणि पहिल्या पाचजणींशी झुंजतात. त्यांनी ते मन लावून केले नाही तर पहिल्या पाचजणी शनिवारी आंधळ्यासारख्या मैदानात उतरतील. कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला 2025 पर्यंत 12 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे कोच जीनो ऑरिएमा यांनी जाहीरपणे सांगितले आहे की सामन्याचे चित्रण पाहताना ते बाकावर काय चालले आहे तेही पाहतात आणि जी तिथे मान टाकून, रुसून बसते तिला खेळायला मिळत नाही. मग ज्या मुलीची आई गाडीत बसल्याबसल्या “आज किती मिनिटे?” म्हणून विचारते, ती मुलगी पुढच्या शनिवारी कोणता चेहरा घेऊन बसेल?

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही मिशिगनमध्ये होतो तेव्हा माझी धाकटी अशाच एका छोट्या कॉलेजात खेळायची आणि दुसऱ्या वर्षी तिची अवस्था तंतोतंत तुमच्या लेकीसारखी होती. एका रात्री घरी आल्यावर मी तिच्या कोचला लांबलचक ईमेल लिहिली. तिचे शाळेतले गुण, तिची मेहनत, आम्ही किती मैल गाडी चालवतो, सगळे लिहिले. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे सभ्य उत्तर आले की खेळण्याच्या वेळेबद्दल आपण पालकांशी बोलत नाही, फक्त खेळाडूशी बोलतो. अशी पद्धत तिकडच्या बहुतेक संघांत असते, हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती, ते मला जास्त लागले. ती एवढेच म्हणाली, “आई, मी सहा आठवड्यांत जे कमावलं होतं ते तू एका रात्रीत घालवलंस.” पुढे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

त्यानंतरच्या सामन्याला मी एक ठरवून गेले : पहिल्या दोन क्वार्टर चेंडूकडे पाहायचेच नाही, फक्त बाकाकडे पाहायचे. माझी मुलगी शेवटून तिसरी बसली होती. अंगात सरावाचे जाकीट, त्याची चेन अर्धी उघडलेली, दोन्ही टाचा उचललेल्या, कोपर गुडघ्यांवर. प्रतिस्पर्ध्यांची मुलगी आमच्या गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे आणणारीच्या, पाठीमागून आडवी उभी राहायला निघाली की माझी मुलगी तिच्याआधी ओरडायची, “स्क्रीन, लेफ्ट!” आणि ती गार्ड मागे न बघता डावीकडून वाट काढायची. असे मी पाच वेळा मोजले. एकदा ती गार्ड बाहेर आली तेव्हा माझ्या मुलीने तिला पाण्याची बाटली दिली, कानाशी काहीतरी सांगितले आणि बोटाने हवेत एक रेघ काढून दाखवली. दीड वर्ष मी हे सामने पाहत होते आणि यातले मला काहीही दिसले नव्हते.

मला तेव्हा माझी शाळा आठवली. मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी खो-खो खेळायचे. ताई, तुम्हीही खेळला असालच. पाठलाग करताना चौकोनांत आठजणी बसतात आणि पळते ती एकटी नववी. तरी त्या आठजणी खेळत नाहीत असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. एकीचे तोंड इकडे, शेजारणीचे तिकडे, पंजे रोवलेले, बोटे मातीत टेकलेली, आणि कान मागे लागलेले. खो मिळण्याआधी उठली तर फाउल, आणि खो मिळाल्यावर उशिरा उठली तर समोरची निसटली. बसणे हा तिथे खेळाचाच भाग असतो, हे आपल्याला दहाव्या वर्षी कळत होते आणि पन्नासाव्या वर्षी परदेशातल्या लाकडी मैदानाशेजारी बसल्यावर आपण ते विसरतो.

अगदी वरच्या पातळीवरचे एक उदाहरण सांगते, कारण तुमचे यजमान आकड्यांवर विश्वास ठेवतात असे तुम्ही लिहिले आहे. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या कोच डॉन स्टेली यांच्या संघात कमिला कार्डोसो ही ब्राझीलहून आलेली, आपल्या मुलींसारखीच घरापासून दूर असलेली, सहा फूट सात इंचांची खेळाडू होती. 2022-23 च्या हंगामात ती बहुतेक सामन्यांत बाकावरून खेळायला यायची, कारण तिच्या जागी आलिया बॉस्टन ही खेळाडू होती. त्या वर्षी तिला तिच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, उत्कृष्ट ‘सहाव्या’ (बाकावरून येणाऱ्या) खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्या हंगामातल्या पहिल्या पाचजणी निघून गेल्यावर पुढच्या वर्षी मुख्यतः जुन्या बाकावरच्याच मुली पुढे आल्या, आणि तो संघ 38 पैकी 38 सामने जिंकून विजेता झाला. एप्रिल 2024 मध्ये क्लीव्हलँडला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी आयोवाला 87-75 असे हरवले. त्यात साउथ कॅरोलायनाच्या बाकावरच्या मुलींनी 37 गुण केले आणि आयोवाच्या बाकावरच्या मुलींनी शून्य. संघातले सर्वाधिक, 19 गुण करणारी टेसा जॉन्सन बाकावरूनच आली होती, आणि अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली कार्डोसो. स्टेलींनी बाकावरच्या मुलींना वर्षभर खऱ्याखुऱ्या सामन्यांत आणि खऱ्याखुऱ्या जबाबदारीने उतरवले होते, म्हणून त्या दिवशी त्यांचे पाय कापले नाहीत. प्रत्येक बाकावरची मुलगी पुढे कार्डोसो होते असे मी म्हणणार नाही; माझी झाली नाही. शेवटच्या वर्षीसुद्धा ती आठवी खेळाडू होती. पण चौथ्या वर्षी नव्या मुलींना डाव शिकवायला कोच तिलाच पुढे करायची.

आता तुम्ही काय करायचे ते सांगते. कोचला तुम्ही लिहायचे नाही, यजमानांनी तर मुळीच नाही. बोलायचे असेल तर लेक बोलेल, सामन्याच्या दिवशी नव्हे, वेळ मागून घेऊन, आणि “मी का खेळत नाही?” असे न विचारता “संघात माझे काम कोणते, आणि ते वाढायला प्रॅक्टिसमध्ये तुम्हाला माझ्याकडून काय दिसायला हवे?” असे विचारेल. चांगल्या कोचकडे याचे नेमके उत्तर असते : बचावात पाय मंद पडतात, डाव्या हाताने चेंडू नेता येत नाही, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू परत येताना, समोरच्या मुलीला अडवून धरत नाहीस. ज्या कोचला हंगाम अर्धा सरला तरी एखाद्या मुलीला तिचे काम सांगता येत नाही, तो चुकतोच, आणि तसे असेल तर मी लेकीच्या बाजूने आहे. कोच तिला सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलत असेल किंवा दुखापत असताना खेळवत असेल, तर तो मिनिटांचा प्रश्नच नव्हे; तेव्हा कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे बिनदिक्कत जा. पण तुमच्या पत्रात तसे काही नाही.

शिष्यवृत्ती नाही हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. तिचे कॉलेज डिव्हिजन थ्रीमधले, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतले आहे आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, पहिल्या पाचजणींनाही नसते. म्हणजे तुमची लेक एक डॉलरही न मिळता, मिनिटांची खात्री नसताना, कडाक्याच्या थंडीत रोज व्यायामशाळेत आणि मैदानावर जाते. अशी मुलगी आपण वाढवली याचा अभिमान वाटायला हवा, आणि तुम्ही तिला गाडीत तीन तास गप्प बसून शिक्षा देता. कॉलेज बदलण्याचा विषय हंगाम संपेपर्यंत घरात निघू नये. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, 2018 साली सुरू झाल्यापासून संघ बदलणे पुष्कळ सोपे झाले आहे हे खरे, पण नव्या जागीही मिनिटे 200 च असतात. शिवाय तिचा अभ्यासक्रम आणि तिच्या मैत्रिणी इथे आहेत. तिने स्वतः विषय काढला तर ऐका. तुम्ही काढू नका.

उरलेल्या दोन गोष्टी. डिसेंबरात कोल्हापुरात भाच्याचे लग्न आहे आणि लेकीला आणायचे की नाही, असे विचारले आहे; आणू नका, हंगाम ऐन भरात असतो आणि लग्नघरी चार दिवस कोणी रुसले तर रुसू द्या. धाकटा मराठीत उत्तर देत नाही, तर तुम्ही मराठीत बोलणे सोडू नका. त्यावर मी पूर्वी लिहिले आहे.

राहिल्या तुमच्या आई. त्यांच्याशी खोटे बोलणे थांबवा. डिव्हिजन थ्रीची पुष्कळ कॉलेजे आपले सामने इंटरनेटवर दाखवतात. तुमच्या लेकीच्या कॉलेजाचे पान उघडून बघा आणि भावाला सांगून आईंच्या टीव्हीवर ते लावून द्या. तुमच्याकडे थंडीत संध्याकाळी सातचा सामना असेल तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि त्या वेळी त्यांची आंघोळही झालेली असेल. त्यांना आधी फोन करून सांगा की नात शेवटून कितवी बसते, आणि मैदानातल्या मुलींना ओरडून काय सांगते.