डिजिटल व्यवहारातल्या कायदेशीर अडचणी नेमक्या कुठे सुरू होतात?

तुमचा प्रश्न असा: "मी छोटा ऑनलाइन व्यवसाय सुरू करतेय. आजच्या डिजिटल काळात व्यवसायांना आणि सामान्य माणसांना कोणत्या कायदेशीर अडचणी येतात? वकिलाकडे कधी जावं?"

करार लिहिणं, वाचणं आणि फिसकटलेले करार निस्तरणं हा माझा रोजचा उद्योग. हॅकर वगैरे शब्दांनी लोक दचकतात, पण माझ्या टेबलावर येणारी बहुतेक भांडणं फार साधी असतात. माणसाने काहीतरी केलेलं असतं आणि ते करताना आपण कायद्याच्या हद्दीत पाऊल टाकतोय हे त्याच्या गावीही नसतं. कुणी चॅटवर 'ओके' लिहिलेलं असतं, कुणी सापडलेला फोटो जाहिरातीत चिकटवलेला असतो, कुणी आपल्या कंपनीचं खातं दुसऱ्याच्या ईमेलवर उघडू दिलेलं असतं.

'ओके'वरून कॅनडातला एक खटला सांगतो, कारण अशिलांना मी तो हमखास ऐकवतो. मार्च २०२१ मध्ये एका धान्य खरेदीदाराने सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, कराराला दुजोरा द्या. शेतकऱ्याने उत्तरात अंगठ्याचा इमोजी टाकला. करारातला भाव होता बुशेलला (हे धान्याचं माप) १७ डॉलर. नोव्हेंबरमध्ये माल द्यायची वेळ आली तेव्हा बाजार ४१ डॉलरवर गेला होता. माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे "मेसेज मिळाला", एवढंच. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा म्हणजे सही धरली आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही निकाल टिकला.

लोक हे ऐकून हसतात आणि इमोजीवर थांबतात. निकालाचं खरं वजन मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं. या दोघांचे आधीचे व्यवहारही असेच झाले होते. फोटो यायचा, शेतकरी "ठीक आहे", "हो" असं काहीतरी लिहायचा आणि माल वेळेवर पोचवायचा. म्हणजे आपल्या होकाराचा अर्थ त्याने स्वतःच्याच वागण्यातून ठरवून ठेवला होता. तुम्हीही ऑर्डरी चॅटवर घेणार असाल तर तुमच्या हातूनही असाच पायंडा पडत असतो. नुसती पोच द्यायची असेल तर "मिळालं, वाचून उद्या कळवते" असं लिहा. चार शब्द जास्त पडतात, पण त्यांचा अर्थ कोर्टाला लावत बसावा लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, माझ्या स्वतःच्या कामातली. या प्रकारात सर्वात जास्त माणसं पोळताना मी पाहतो. एका छोट्या कंपनीची वेबसाइट सहा वर्षं सुरळीत चालली आणि एका सकाळी उघडेना. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण राहून गेलं होतं. भरून टाकू म्हणून मालकीणबाई बसल्या, तर खात्याचा पासवर्ड नाही. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली, तर दुवा गेला साइट बनवणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर, आणि त्याच्याशी दोन वर्षांपूर्वी शेवटच्या हप्त्यावरून बिनसलेलं. भरीस भर म्हणजे कंपनीचे सगळे ईमेल त्याच डोमेनवर होते, त्यामुळे ग्राहकांचे मेल परत जायला लागले.

मी कागद मागितले. एक बिल निघालं. त्यावर कामाचं वर्णन तीन शब्दांत: "वेबसाइट पूर्ण काम". कोड कुणाच्या मालकीचा, डिझाइन कुणाचं, डोमेन कुणाच्या नावावर घ्यायचं, कुठेही अक्षर नाही. बाईंचं म्हणणं, "पैसे मी दिले, म्हणजे माझंच ना?" ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण लेखक-कलाकारांच्या हक्कांबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार जगाच्या बहुतेक भागात तत्त्व असं आहे की कलाकृती निर्माण झाली की हक्क निर्मात्याकडे आपोआप जातो, नोंदणीही लागत नाही. पगारी नोकराच्या कामाचा हक्क बहुतेक ठिकाणी मालकाकडे जातो. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचं मात्र तसं नसतं. तिथे हक्क लेखी लिहून घ्यावा लागतो. नाहीतर तुमच्याकडे उरते फक्त वापरायची परवानगी, आणि तिच्या मर्यादा ठरवायला पुन्हा वकील!

प्रकरण मिटलं. मुलगा भला होता, थकलेला हप्ता घेऊन त्याने दीड पानाच्या कागदावर सगळं लिहून दिलं. मुदत संपल्यावरही बहुतेक डोमेनना काही दिवसांची सवलत असते, ती उपयोगी पडली. तेच दीड पान सहा वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. कुणी तुमच्या ट्रेडमार्कवर डोळा ठेवून मुद्दाम डोमेन बळकावलं तर त्यासाठी १९९९ पासून कोर्टाबाहेरची स्वतंत्र तक्रार पद्धत आहे. पण आपणच ज्याच्या हाती किल्ली दिली, त्याच्याविरुद्ध ती सहसा चालत नाही.

फोटोंचंही हेच. शोधयंत्रात दिसला म्हणजे फुकट, असं नसतं. खाली फोटोग्राफरचं नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सगळ्यांना दिलेला, परवाना असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे ते वाचा, कारण त्यातले काही धंद्यासाठीचा वापर स्पष्ट नाकारतात. नोटीस आली तर फोटो गुपचूप काढून गप्प बसू नका. काढा, आणि मुदतीच्या आत उत्तरही द्या.

ग्राहकांच्या माहितीबद्दल थोडक्यात सांगतो. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जाऊ शकत नाही. जन्मतारीख लागत नसेल तर विचारू नका. युरोपातले ग्राहक घेणार असाल तर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, तुम्ही जगात कुठेही बसलात तरी लागू पडू शकतो. त्यातला कमाल दंड दोन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यातला जो जास्त असेल तो. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलंय. माहिती फुटल्याचं कळलं आणि लोकांना धोका संभवत असला तर ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं. हे तास शुक्रवारी रात्री सुरू झाले तरी शनिवार-रविवार त्यातच मोजले जातात, त्यामुळे कुणी कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं बरं.

हल्ली साइटवर चॅटबॉट बसवायची टूम आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. कंपनीचा बचाव असा की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर हस्ती आहे, आपल्या बोलण्याला तोच जबाबदार! २०२४ मध्ये लवादाने हे फेटाळलं. साइटवरच्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी कंपनीची, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

व्यक्ती म्हणून अडचण येते ती बहुतेकदा बोलण्यातून आणि फसवणुकीतून. ललित मोदींनी २०१० मध्ये क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स यांच्यावर मॅच फिक्सिंगचा आरोप करणारं ट्विट केलं. इंग्लंड-वेल्समध्ये ते थेट पाहणारे अनुयायी अंदाजे ६५ धरले गेले. म्हणजे एखाद्या वर्गात मावतील एवढी माणसं. तरी २०१२ मध्ये ९० हजार पौंडांची भरपाई बसली. तेव्हा "माझं खातं कोण बघतंय?" ही सबब विसरा. वाईट अनुभव जरूर लिहा, पण घडलं तेवढंच लिहा. "वस्तू तीन आठवडे आली नाही, पैसे परत मिळाले नाहीत" हे तुम्ही सिद्ध करू शकता. "हे चोर आहेत" हे सिद्ध करताना दमछाक होते.

फसवणूक झाली तर आधी बँक, मग पोलीस, आणि त्याच दिवशी. या प्रकरणांत मला सर्वात चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. लाजेपोटी किंवा संतापाने माणूस सगळं चॅट पुसून टाकतो आणि मग माझ्याकडे दोन कातरलेले स्क्रीनशॉट घेऊन येतो. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार, मूळ मेसेज कुठे आहे? चॅट फोनमध्येच राहू द्या, ईमेल जिथे आलाय तिथेच ठेवा, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या.

वकिलाकडे कधी? मुदत घातलेली नोटीस आली की लगेच. आणि खरं सांगायचं तर त्याही आधी, कुणाला पहिलं काम सांगताना, ते दीड पान लिहून घ्यायला. एरवी दर महिन्याला वकील लागावा असं तुमच्या व्यवसायात काही दिसत नाही.

आज मात्र एक करून बघा. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे आणि जाहिरातीचं खातं, चारही उघडा आणि नोंदणीच्या रकान्यात कुणाचं नाव, कुणाचा ईमेल, कुणाचा मोबाइल नंबर आहे ते वाचा. तुमचा नसेल तर ज्याचा आहे त्याच्याशी संबंध गोड आहेत तोवरच बदलून घ्या.