पडणारच आहे ना तो दात?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली होती. अशा दिवसांत डिचोलीकडून फोंड्यापर्यंत मुलाचा दात दाखवायला सहसा कोणी येत नाही. पण आई आणि आजी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या, नऊ वर्षांची बहीणही सोबत होती. दातांच्या दवाखान्यात पालकांना उपचार समजावून सांगणं हे माझं काम. डॉक्टरांनी मुलाच्या खालच्या शेवटच्या दुधाच्या दाढेची नस काढायला सांगितली होती.

बसता बसताच आजी म्हणाल्या, "पडणारच आहे ना तो दात? मग उपटून टाका. एवढ्याशा पोराला रूट कॅनल कशाला?"

हा प्रश्न मी सतत ऐकते आणि त्यात वावगं काही नाही. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, तेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. शेवटची दुधाची दाढ मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकते. या मुलाला त्याच दाढेनं अजून पाच-सहा वर्षं जेवायचं होतं.

"हिची नाही का काढली, पाचव्या वर्षी?" आजींनी नातीकडे बोट दाखवलं. "काय बिघडलं?"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आरशानं मुलीची दाढ आजींना दाखवली. सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढे कलंडली होती आणि मधे काडेपेटीच्या काडीएवढीच फट उरली होती. त्या जागी कायमचा दात अजून यायचा होता. दाढ काढली तेव्हा जागा राखणारं साधन बसवायला हवं होतं, ते बसवलं नव्हतं. "आम्हाला कोणी सांगितलंच नाही," आई हळूच म्हणाली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. सांगायला दोन मिनिटं लागली असती.

मग मी मुलाचा एक्स-रे उजेडात धरला. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या मधोमध, हाडात, कायमच्या दाताची कळी दिसत होती. आईनं त्यावर बोट ठेवलं. "हा आतापासूनच इथे आहे?" हो, आणि त्याच्यावरच्या या दुधाच्या दाढेत पू झाला तर तो याच कळीपाशी पोचतो. कधी कधी मग कायमचा दात डागाळलेला, कच्च्या आवरणाचा येतो.

"रात्री दुखून उठतो का?" मी विचारलं. नाही. हिरडीवर फोड? नाही. गोड खाल्लं की मात्र रडतो. म्हणजे मुळांतली नस जिवंत असण्याची आशा होती. अशा वेळी नसेचा फक्त वरचा भाग काढतात, मुळांतला ठेवतात, त्यावर औषध घालून दाढेला स्टीलची टोपी बसवतात. ही पल्पोटॉमी. दाढ उघडल्यावर कापसाच्या बोळ्यानं काही मिनिटांत रक्त थांबलं, तरच ती करता येते. मुळांतली नसही गेली असेल तर ती पूर्ण काढतात, म्हणजे पल्पेक्टॉमी. मुळांत मग मोठ्यांच्या दातात भरतात तो रबरासारखा पदार्थ घालत नाहीत. मुळांसोबत विरघळेल अशी पेस्ट भरतात, म्हणजे दात आपल्या वेळेला पडतो. आजींना हे विशेष पटलं. दात अडकून बसेल ही त्यांची खरी धास्ती होती. मुळं फारच खराब झाली असतील किंवा दात पडायलाच आला असेल, तर काढणंच बरं, हेही मी सांगितलं.

आजी मुलांना पाणी पाजायला बाहेर गेल्या, तेव्हा आई बोलली. "चार वर्षांचा होईपर्यंत रात्री बाटली लागायची त्याला. साखर घातलेलं दूध. मीच द्यायचे." डोळे भरून आले होते. दोन महिने ती याच लाजेनं दवाखाना टाळत होती. मी तिला सांगितलं, झोपेत लाळ कमी सुटते, साखर रात्रभर दातांवर राहते, म्हणून कीड लागली. आता रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घ्यायची आणि सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश तिनंच फिरवायचा. खर्चाचं विचारलं तेव्हा बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाचा पर्यायही दिला. तो सरकारी आहे आणि तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

"चवथीनंतर आणलं तर?"

"गोड नेवऱ्या खाऊन दुखायला लागलं, तर कदाचित आज वाचणारी नस तेव्हा वाचणार नाही."

तिसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. रक्त लवकर थांबलं आणि पल्पोटॉमीवर काम भागलं. भुलेमुळे ओठ दोन-तीन तास बधिर राहतो, मुलं तो चावून जखम करून घेतात, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत लक्ष ठेवा, असं मी बजावलं. मुलानं तोंड उघडून आजीला चकचकीत टोपी दाखवली. आजींनी ती निरखून पाहिली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि ह्याच्या बहिणीला कधी आणू?"