पावसाळाभर बॅगेत राहिलेलं पॅराग्लायडिंगचं रिझर्व्ह (आणीबाणीचं) पॅराशूट ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळच्या कामशेतला तसंच वापरलं तर चालेल का?

नाही, तसंच घेऊन उडू नका. आधी उघडून, हवा देऊन, नव्याने पॅक करून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर 6 ते 12 महिन्यांनी रिपॅक सांगितलेलं असतं, आणि पुण्याकडे त्यासाठी पावसाळा संपल्यावरची वेळ सगळ्यात योग्य. दमट हवेत घडीतले नायलॉनचे थर एकमेकांना चिकटतात, छत्री उघडायला उशीर होतो. कामशेतच्या टेकड्यांवर उंची मुळातच कमी, तिथे एक सेकंदही फार मोठा असतो. छत्री पंख्याखाली दिवसभर टांगून ठेवा. उन्हात मुळीच नको, अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होतं. दोऱ्यांचे रबर बँड सगळे बदला, जुना रबर चिकट होतो किंवा तुटतो. पॅक झाल्यावर हार्नेस (पायलटची पट्ट्यांची सीट) टांगा, त्यात बसा आणि रिझर्व्हचं हँडल एकदा खरोखर ओढून बघा. ही तपासणी सहज राहून जाते, पण रिझर्व्ह कप्प्यातून सुटलंच नाही तर सुबक घडीचा काय उपयोग? पहिलं रिपॅक मात्र इन्स्ट्रक्टरसमोरच करा. बुरशीचे डाग दिसले, किंवा रिझर्व्ह 10 वर्षांपेक्षा जुनं असेल, तर नुसतं रिपॅक पुरत नाही. ते जाणकाराकडून तपासून घ्या किंवा बदला.