पिंजरा लावण्याआधी

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून जास्त बोललो नाही. पण तुझ्या पोटमाळ्यात शिरलेल्या रॅकूनबद्दलचं, म्हणजे त्या मांजराहून मोठ्या, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या रानटी प्राण्याबद्दलचं, तुझं एक वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. "काका, पिंजरा आणलाय. रॅकून सापडला की कचऱ्याचा डबा पाण्याने भरतो आणि बुडवतो, विषय संपला." हे तू कुठून उचललंस ते मला ठाऊक आहे, कारण मीही तिथूनच उचललं होतं. लहानपणी आमच्या चाळीत पिंजऱ्यात उंदीर सापडला की सकाळी बादली भरली जायची. मी स्वतः कितीदा ते केलंय. बुडबुडे थांबेपर्यंत मान वळवून उभं राहायचं, एवढंच शिकवलं होतं.

मान वळवावी लागते, यातच सगळं आलं. बुडून मरायला वेळ लागतो आणि त्यातला प्रत्येक क्षण त्या जिवाला कळतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने प्राणी मारण्याच्या पद्धतींचे नियम घालून दिले आहेत. त्यात बुडवणं सरळ अमान्य आहे. तो डबा मनातून काढून टाक.

आता माझी गोष्ट. ती मी आजवर तुझ्या काकूशिवाय कुणाला सांगितलेली नाही. इथे कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागाला घर घेतल्यावर दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातच, पोटमाळ्यावर रात्री धपधप सुरू झाली. मी पैसे देऊन माणूस बोलावला. त्याने पिंजरा लावला, दोन दिवसांत एक मोठा रॅकून नेला, पावती दिली. तिसऱ्या रात्री बाथरूमच्या छतातून आवाज यायला लागला. पाखरासारखी बारीक चिवचिव, मध्येच रडणं. मी टॉर्च घेऊन वर गेलो. इन्सुलेशनच्या कापसात तीन पिल्लं होती, दोन गार पडलेली. तिसऱ्याचे डोळेही उघडले नव्हते. मी हात पुढे केला तर त्याने पाच बोटांनी माझ्या हातमोज्याचं टोक धरलं. अगदी तान्ह्या बाळासारखं. सकाळपर्यंत तेही गेलं. त्या माणसाने वर डोकावून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलंत का, हे मीही विचारलं नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगतो. इथे रॅकूनची मादी साधारण एप्रिल-मेमध्ये विते, तीन ते पाच पिल्लं असतात, आणि त्यासाठी तिला तुझ्या पोटमाळ्यासारखी कोरडी, उबदार जागाच हवी असते. या दिवसांत वर जे काही चालतंय ते बहुतेक बाळंतिणीचं बिऱ्हाड आहे. दिवसाढवळ्या ती अंगणात दिसली म्हणून पिसाळलेली समजू नकोस. पाजणाऱ्या आईला भूक लागते.

"मग लांब जंगलात सोडतो," असं म्हणशील. पोत्यात मांजर घालून नदीपलीकडे सोडायची आपली जुनी सवय. आपल्या ओंटारियो प्रांताच्या नियमाप्रमाणे पकडलेला प्राणी 24 तासांत आणि पकडल्या जागेपासून 1 किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. हा नियम रोग पसरू नयेत म्हणूनही आहे. 2015 च्या डिसेंबरात हॅमिल्टनला रॅकूनमध्ये रेबीज पुन्हा सापडला, तेव्हा किती धावपळ झाली होती! शिवाय अनोळखी मुलखात त्याला ना बीळ माहीत ना खाणं. आपण दया केली असं वाटतं, मरण फक्त आपल्या नजरेआड होतं. आणि छतातलं भोक तसंच राहिलं तर महिन्याभरात दुसरा येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी.

कधीच मारू नये असं मी म्हणत नाही. एखादा झोकांड्या खात फिरत असेल, तोंडाला फेस असेल, गाडीखाली चिरडून तडफडत असेल, तर 311 ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकाला, फोन कर. शहराची माणसं येऊन त्याची वेदनेतून रीतसर सुटका करतील. ते मारणं मला मान्य आहे. झोपमोड झाली म्हणून आईला मारणं मान्य नाही.

तुझी काळजीही खोटी नाही. छोकरी रांगते आहे, आणि रॅकूनच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होते. म्हणून डेकवर त्यांची हगायची जागा दिसली तर मास्क आणि हातमोजे घालून उचल, वर उकळतं पाणी ओत, आणि तोवर तिला तिकडे फिरकू देऊ नकोस. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याचं झाकणही रोज नीट लावत जा. टोरांटो शहराने 2016 पासून कुलपाचे डबे दिलेत ते याचसाठी. तुझ्या डब्यातल्या उष्ट्या पोळ्यांनीच तिला पत्ता दिलाय.

आजपासून पोटमाळ्यावर दिवा जळता ठेव आणि रेडिओ लाव, गाणी नकोत, माणसं बोलणारं स्टेशन. उजेड आणि माणसाचा आवाज तिला नको असतो. तिच्या दुसऱ्या जागा ठरलेल्या असतात, तिथे ती पिल्लांना मानगुटीला धरून एकेक करून नेते. तीन-चार रात्री लागतील, धीर धर. नाहीच गेली तर एकाच बाजूने उघडणारं दार बसवणारी आणि पिल्लांना उबदार खोक्यात आईसाठी बाहेर ठेवणारी माणसं असतात. बोलावण्याआधी त्यांना पहिला प्रश्न पिल्लांचाच विचार.

शनिवारी दुपारी मी येतो. लांब शिडी माझ्याकडे आहे. तू जाड तारेची जाळी आणि स्क्रू आणून ठेव. सगळी गेली आहेत याची खात्री दोघं मिळून करू, प्रत्येक कोपरा टॉर्चने पाहू, मगच भोक बुजवू. पिंजरा तोवर खोक्यातून काढू नकोस.

तुझा,
काका